दाराची खालची कड

मागच्या महिन्यातली गोष्ट. सोमवार होता, नार्वेला देवळात गेले होते, गाडी बाहेर झाडाखाली लावलेली. परत येऊन बघते तर गाडीच्या सावलीत एक म्हातारा माणूस टेकून बसलेला, खांद्यावर पंचा, चपला काढून बाजूला ठेवलेल्या. मला बघून तो उठायला लागला आणि उठताना आधाराला म्हणून त्याने ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर हात ठेवला. हात तिथेच राहिला. मग तो तळवा सावकाश खाली सरकत गेला, हँडलखालून, मधल्या फुगवट्यावरून, काळ्या पट्टीवरून पार खालच्या कडेपर्यंत, आणि तिथे दोन बोटं जरा मागे आली, परत पुढे गेली. दाराकडे तो बघतसुद्धा नव्हता, देवळाच्या पायऱ्यांकडे बघत होता, बायको येत असावी. "बाय, घराच मारलो मू?" मी म्हटलं हो, घरीच मारला रंग, पण तुम्हाला कसं कळलं? "बरो मारला," तो म्हणाला. मग जरा थांबून, "सकयल सुको पडला." खाली सुका पडलाय. तुम्ही पेंटर का विचारलं तर म्हणाला, "आशिल्लों. ट्रक आशिल्ले तेन्ना." होतो, ट्रक होते तेव्हा. आणि खोकत खोकत पायऱ्यांकडे गेला.

सकयल सुको पडला.

डिचोलीला घरी येईपर्यंत डोक्यात तेवढंच. त्या दारावर मी नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचे सगळे रविवार घातले होते. भावाने बघितलं, शाळेतल्या मैत्रिणींनी बघितलं, सगळ्यांनी लांबून मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले कळतच नाही गं. मला ते ऐकायला आवडायचंही. आणि हा माणूस न बघता, उठता उठता, नुसता हात लावून सांगून गेला. मला वाईट वाटलं की बरं वाटलं हे अजून मला नीट ठरवता येत नाही. वाईट वाटलं हे खरंच, पण त्याच्या "बरो मारला" मध्ये जो अर्धा सेकंद होता ना, तो इतर कोणाच्याच कौतुकात नव्हता. ज्याला दोष सापडला त्याचंच चांगलं म्हटलेलं मला खरं वाटलं.

गाडी 2009 ची, चंदेरी. मागच्या पावसाळ्यानंतर दाराच्या खालच्या बाजूला दहाच्या नाण्याएवढा फोड आला, रंगाखाली कोणीतरी फुंकर घालून ठेवल्यासारखा. नखाने दाबला तर फुटला आणि आतून ओलसर लाल भुगा. गॅरेजवाला म्हणाला पूर्ण बाजू मारायला लागेल, दोन आठवडे गाडी सोडा. पैशाचा प्रश्न होताच, पण त्याहीपेक्षा मला तो फोड कुठून आला ते बघायचं होतं, आणि गॅरेजमध्ये गाडी दिली की हे कोणी दाखवत नाही, तिथून फक्त चकचकीत दार परत येतं. म्हणून एका रविवारी अंगणात चटई टाकून गाडीखाली डोकं घातलं. दाराच्या खालच्या शिवणीत बारीक भोकं असतात, काचेवरून आत उतरलेलं पावसाचं पाणी बाहेर जायला. मला हे माहीतच नव्हतं, एवढी वर्षं चालवूनही. आमच्या दाराची भोकं बुजलेली होती. माडाच्या झावळीची हीर घातली आणि फिरवली, तर आधी लाल चिकट गाळ आला, मग पानांचे कुजलेले देठ, आणि मग धार लागली, चांगलं अर्धा पेलाभर पाणी, ऑक्टोबर संपत आला तरी आत साठून राहिलेलं. दार आतून गंजत होतं. बाहेरून कितीही रंग फासला असता तरी वर्षभरात फोड परत तिथेच आला असता.

त्या गाळाचा लाल आणि गंजाचा लाल बोटांवर वेगळा करता येईना. आम्ही ज्या काळात इथे वाढलो त्या काळात लाल रंग हा काही बघायचा रंग नव्हता, तो सगळीकडे असायचाच. साखळीच्या रस्त्याला खाणींचे ट्रक एकामागे एक, वाळत घातलेली पांढरी चादर संध्याकाळी गुलाबी, रस्त्याकडेच्या काजूची पानं पहिल्या पावसापर्यंत लाल, शाळेच्या वह्यांच्या कडा लाल. ते जे बार्जमधून मांडवीने मुरगावला आणि तिथून जपानला, चीनला जायचं ते लोखंडाचं ऑक्साइड. तिकडे भट्टीत त्यातला ऑक्सिजन काढला की लोखंड, त्याचं पोलाद, पोलादाचा पत्रा, पत्र्याचं दार. आणि ते दार आपल्या चार महिन्यांच्या पावसात उभं राहिलं की ऑक्सिजन परत घेतं आणि परत लाल माती व्हायला लागतं. ही काही नवीन माहिती नाही, नववीत मी स्वतः मुलांना शिकवते हे. पण हिरेच्या टोकाला तो गाळ आणि तो भुगा एकत्र बघितला तेव्हा मी बराच वेळ तशीच चटईवर पडून राहिले. आणि मग पुढच्या रविवारी त्याच पत्र्याला पहिला हात लावला तो रेड ऑक्साइडचा, म्हणजे पुन्हा लोखंडाचंच ऑक्साइड, लेपात घोटलेलं. आपल्या ओट्याच्या ग्रिललाही तेच असतं.

घासण्याबद्दल मला खूप लिहावंसं वाटतं कारण कामाचा जवळजवळ सगळा वेळ तिथेच जातो आणि ते कोणाला दिसत नाही. 80 नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, फोडाच्या चारी बाजूंनी जिथपर्यंत चकचकीत पत्रा लागत नाही तिथपर्यंत. प्रत्येक थर उतरताना वेगळा: वरचा क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, पांढरी पूड होऊन उडतो, मग चंदेरी, मग राखाडी प्रायमर, आणि कडेला हे सगळे थर झाडाच्या बुंध्यातल्या वलयांसारखे दिसायला लागतात. त्या कडा बोटाला लागता कामा नयेत, एका थरावरून दुसऱ्यावर बोट गेलेलं कळता कामा नये, नाहीतर वर कितीही रंग मारा, ती कड उन्हात दिसतेच. मग खड्ड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची. लांबीत हार्डनर, ती घट्ट करणारं रसायन, जरासाच, पण आपल्याकडच्या उकाड्यात तेवढ्यानेही पाचेक मिनिटांत ती पत्रीवरच आवळायला लागते, माझी पहिली दोन मिश्रणं तशीच दगड झाली. घासून सपाट झालं असं वाटलं की वरून काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा द्यायचा आणि परत घासायचं. उंच भागावरचा काळा लगेच निघतो आणि जिथे खोलगट आहे तिथे काळा डाग राहतो. मला वाटत होतं माझं सपाट झालंय, आणि तिथे गोव्याच्या नकाशाएवढे डाग राहिले. तीनदा लांबी, तीनदा काळा. चौथ्यांदा सगळा काळा एकदम गेला तेव्हा आईला हाक मारून दाखवलं, तिला त्यात काय बघायचं ते कळलं नाही पण ती ओट्यावरून खाली उतरून आली.

फवाऱ्याच्या डब्याने रंग मारायचा सराव मी आधी जुन्या फ्रीजच्या दारावर केला. दिवाळीच्या पुढेमागे, संध्याकाळी पाऊस येऊन गेलेला, हवा अजून जड. क्लिअर मारला आणि डोळ्यांदेखत तो दुधासारखा पांढरा झाला, पातळ सायच जशी. मी घाबरले, वाटलं डबा खराब. डब्यात काही नव्हतं. थिनर भरभर उडून जातो तसा तो पत्रा थंड करतो, आणि हवेत ओल असली की ती त्या गार पृष्ठभागावर धरते, दंव पडावं तशी, आणि रंगात अडकते. आपल्याकडे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हे होणारच. म्हणून मग जानेवारीपर्यंत थांबले. तेव्हाही सकाळी उठून लगेच नाही, कौलांवरून दंव टपकत असतं. दहा वाजेपर्यंत वाट बघायची. आणि बारा-साडेबारा झाले की वारा सुटतो, धूळ घेऊन येतो. म्हणजे मिळतात ते मधले दोन तास.

ते दोन तास अजून नाकात आहेत. एकीकडे थिनर, आणि मागच्या कुंपणापलीकडून आंब्याचा मोहर.

हात कसा फिरवायचा ते मला शेजारच्या आबांनी शिकवलं. त्यांची गणपतीची चित्रशाळा, तीन पिढ्यांची. आता मूर्तीचा अंगरंग तेही कॉम्प्रेसरने मारतात, डोळे मात्र ब्रशनेच. माझं फ्रीजचं दार बघून ते काही बोलले नाहीत, रिकामा डबा हातात घेतला आणि नुसता हवेत हात फिरवून दाखवला. हात आधी सोडायचा आणि मग चाप दाबायचा, वस्तू संपली की चाप सोडायचा आणि मग हात थांबवायचा. मी बरोब्बर उलटं करत होते, दाराच्या कडेवर डबा धरून दाबत होते, म्हणून सुरुवातीला आणि शेवटाला ओघळ. आणि मनगटातून फिरवत होते, त्यामुळे मधे जवळ, कडेला लांब. "आख्खं अंग न्यायचं," आबा म्हणाले, "पालखीबरोबर चालतो तसं, बाजूने." वीतभर अंतर ठेवून, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या अर्ध्यावर. दोन संध्याकाळी मी अंगणात रिकामा डबा घेऊन डावीकडून उजवीकडे चालत होते. रस्त्यावरून जाणारे बघायचे, बघू देत.

चंदेरी रंग शिकाऊ माणसाने निवडू नये असं सगळे सांगतात, पण गाडीच चंदेरी त्याला काय करणार. त्यात ॲल्युमिनियमच्या बारीक बारीक चकत्या असतात. रंग ओला पडला तर त्या आत बुडून कशाही उभ्या-आडव्या राहतात आणि रंग गडद दिसतो, कोरडा पडला तर आडव्या निजतात आणि उजळ दिसतो. एकाच डब्यातून एकाच हाताने दोन रंग निघतात, वाघाच्या पट्ट्यांसारखे. म्हणून शेवटचा हात जरा लांबून, अगदी विरळ, नुसतं धुकं सोडायचं. तेव्हा वाचलं होतं की फवारा-डब्यात भरलेला पहिला रंग 1949 साली अमेरिकेत एड सीमोर यांनी काढला, तो ॲल्युमिनियमचाच होता, रेडिएटरला लावायचा, आणि डब्यात भरून बघा असं सुचवलं होतं त्यांच्या बायकोने, बॉनीने. हे वाचून का कोण जाणे मला धीर आला, म्हणजे हा डबा जन्माला आला तो हाच रंग पोटात घेऊन.

पण खरी भीती वाटली ती बेस कोट, क्लिअरखालचा तो चंदेरी थर, सुकल्यावर. चंदेरी सगळा गेला, दार चुलीतल्या राखेसारखं निस्तेज. मी पायरीवर बसले आणि वाटलं तीन महिने फुकट. क्लिअरचा पहिला हात अगदी हलका द्यायचा असतो, त्यानेही फारसं काही होत नाही. दहा मिनिटं थांबून दुसरा, आणि त्या दुसऱ्या हातामागे मागे राखेतून चंदेरी उठत आला, जसजशी मी चालत होते तसतसा, डबा पुढे आणि मागे माझ्याच अंगणातला माड त्या दारात दिसायला लागला. मी त्या वेळी बोललेच नाही काही, तोंडावर मास्क होता, पण आत ओरडत होते. आणि तेवढ्यात एक तुडतुडा येऊन बसला, आंब्याच्या मोहरावरचा, तांदळाच्या कणीएवढा, ओल्या क्लिअरवर, हँडलच्या खाली. बोट नेलं होतं मी, आबांनी लांबूनच "नको" म्हटलं. काढायला गेलं की त्याच्याभोवती खड्डा पडतो. तो तिथे पाय हलवत राहिला आणि मी बघत राहिले, आणि मग तो थांबला. आठवड्याने 2000 नंबरच्या ओल्या पेपरने घासून काढला. आज तिथे काहीच नाही, पण मला जागा माहीत आहे.

मास्कचं सांगते, कारण त्या म्हाताऱ्याचा खोकला माझ्या कानातून जात नाही. मी साधा धुळीचा मास्क लावला नव्हता, त्यातून थिनरची वाफ सरळ आत येते, कोळशाची काडतुसं असलेला आणला होता. दुकानदार टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, देत होता, जास्त टिकतो म्हणून, आणि टिकतोच तो, पेट्रोल सांडलं तरी काही होत नाही त्याला. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो, त्याला बाहेरून हवा देणारा मास्क लागतो, आणि आमच्या ओट्यावर आई दिवसभर बसते. मी साधा क्लिअर घेतला. मला निवडता आलं. लहानपणी ट्रकचे बॉडीवाले बघितलेत मी, नाकाला हातरुमाल, बस, आणि संध्याकाळी तो रुमाल सोडला की नाकाखाली तेवढाच चौकोन स्वच्छ. ज्या फवाऱ्यावर ही रंगाची गन बेतली तो मुळात घशात औषध उडवायला केलेला होता, टोलेडोच्या डॉक्टर ॲलन डेव्हिलबिस यांनी, त्यांच्या मुलाने, थॉमसने, पुढे त्याची रंगाची गन केली. घसा बरा करायचं साधन ते. मला हे आठवलं की राग येतो, नक्की कोणावर ते सांगता येत नाही.

आणि ट्रकही गेले. 2012 ला खाणी बंद पडल्या, मधे थोड्या हलल्या, 2018 ला परत थांबल्या. माळावर रांगेने उभे राहिलेले ट्रक मी बघितलेत, टपांवर रानवेली चढलेल्या, खालून पत्रा विरत गेलेला. धूळ गेली याचा आनंद मलाही झाला होता, आईची चादर पांढरी राहायला लागली. त्या ट्रकांना दर पावसाळ्याआधी रंग मारणारा कोणीतरी असेल, आणि त्याच्या तळहाताला एवढं कळत असेल, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर मी अंगणातच डोळे मिटून दारावर हात ठेवला. आधी मागच्या दारावर, कंपनीच्या रंगावर, सवय व्हायला. मग माझ्या. हँडलखाली गुळगुळीत. मधला फुगवटा गुळगुळीत, थोडी संत्र्याच्या सालीसारखी लहर, ती मला माहीत होती. पट्टीच्या खाली उतरले आणि शेवटची चार बोटं जागा लागली, मांजराची जीभ लागते तशी. एवढे दिवस मी धुतलं, पुसलं, बघितलं, पण हात तिथपर्यंत नेला नव्हता कधी. उघड्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही, वाकून बघितलं तर जराशी चमक कमी, बस.

का झालं तेही मग उभ्या उभ्याच कळलं. मी खाली बसले नव्हते. वरचे पट्टे अंग नेऊन नीट मारले, आणि खालच्या पट्ट्याला कमरेत वाकून हात खाली सोडला, डबा वर तिरका, अंतर वीतभराचं दीड-दोन वीत झालेलं. तेवढ्या अंतरात थेंब हवेतच अर्धा सुकतो आणि पत्र्यावर पडतो तो पसरत नाही, कण होऊन चिकटतो. आबांना हे सांगायला सुचलं नसणार, त्यांची मूर्ती पाटावर असते, पाट फिरतो, त्यांना कधी वाकायलाच लागत नाही. ट्रकवाल्याला लागत असणार. ट्रकची खालची पट्टी रंगवायला तो माणूस किती वर्षं मातीत उकिडवा बसला असेल.

आता मे चालू आहे, मृगाला फार दिवस नाहीत, हवा चढायला लागलीय. काल सकाळी देवघरातला जुना पाट अंगणात आणला आणि दारासमोर ठेवून त्यावर बसले. खालची कड बरोबर डोळ्यांसमोर आली. ती तीन भोकंही दिसली, हिरेने साफ केलेली, त्यातल्या एकाच्या तोंडाशी परत थोडी लाल माती. हीर घालून ती आधी काढली. पट्टीच्या वर टेप आणि वर्तमानपत्र लावलं, दोन पदरी, एका पदरातून अक्षरं उमटतात. बादलीत 1000 नंबरचा पेपर भिजत घातलेला, पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब. आई ओट्यावरून म्हणाली, "आता परत कित्याक? कोणाला दिसतंय तिथे?" मी पेपर बादलीतून काढला, निथळू दिला आणि कडेवर ठेवला. पहिल्या दोन हातांतच दुधासारखं पाणी खाली ओघळायला लागलं.